चाकांवरचे घर आणि ते विकणाऱ्याचे शिक्षण

कॅलिफोर्नियात लोकांचे केस कापण्याचा न्हाव्याचा परवाना हवा असेल तर १००० तासांचे शिक्षण घ्यावे लागते आणि परीक्षा द्यावी लागते. त्याच राज्यात वाहनविक्रीच्या नोकरीला लागायचे तर मोटार वाहन खात्याकडे अर्ज करायचा, बोटांचे ठसे द्यायचे, शुल्क भरायचे. त्या वाहनाबद्दल तुम्हाला काय कळते हे कोणी विचारत नाही. काही राज्यांत तर सेल्समनला स्वतंत्र परवानाही लागत नाही. साधी मोटार विकणाऱ्याच्या बाबतीत हे खपून जाते, कारण मोटार म्हणजे काय हे घेणाऱ्याला आधीपासून ठाऊक असते. ‘रिक्रिएशनल व्हेइकल’, म्हणजे अमेरिकेत ज्याला सरसकट आरव्ही म्हणतात ते चाकांवरचे घर, याच्या बाबतीत मात्र ते खपू नये असे माझे ठाम मत आहे.

आरव्ही हे वाहन आहे आणि घरही आहे. काही आरव्हींना स्वतःचे इंजिन असते, त्यांना मोटरहोम म्हणतात. बाकीच्या मागे जोडून ओढायच्या असतात: मोटारीच्या किंवा ट्रकच्या मागच्या हिचला, म्हणजे जोडणीला, लावायचा ट्रॅव्हल ट्रेलर आणि पिकअप ट्रकच्या हौद्यात जोडायचे फिफ्थ व्हील. प्रकार कोणताही असो, आत शेगडी आणि पाणी तापवायला प्रोपेन गॅस असतो, १२ व्होल्टची बॅटरी आणि १२० व्होल्टची घरगुती वीज अशा दोन वीजव्यवस्था शेजारी शेजारी नांदतात, स्वच्छ पाण्याची, सांडपाण्याची आणि संडासाची अशा तीन टाक्या असतात, आणि पुष्कळ आरव्हींत बटण दाबले की बाहेर सरकणाऱ्या खोल्या असतात. कर्जाची मुदत पंधरा-वीस वर्षांपर्यंत जाते. घेणाऱ्यांपैकी पुष्कळांनी असली वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच घेतलेली असते. ती कशी वापरायची, कशाला जोडायची, कुठे न्यायची नाही, हे सगळे शिकवणारा पहिला माणूस म्हणजे डीलरच्या आवारातला सेल्समन.

हा धंदा किती मोठा आहे ते आधी पाहू. अमेरिकेतल्या ८० टक्क्यांहून अधिक आरव्ही इंडियाना राज्याच्या उत्तरेकडच्या एल्कहार्ट परगण्यात आणि त्याच्या आसपास तयार होतात. थॉर, बर्कशायर हॅथवेच्या मालकीची फॉरेस्ट रिव्हर आणि आयोवातल्या फॉरेस्ट सिटीत १९५८ साली सुरू झालेली विनेबेगो, या तिघींच्या आणि त्यांनी विकत घेतलेल्या कंपन्यांच्या हातात बहुतेक बाजार आहे. करोनाच्या साथीत विमाने आणि हॉटेले बंद पडली तेव्हा लोक आरव्हीकडे धावले. २०२१ मध्ये कारखान्यांनी सुमारे ६ लाख आरव्ही डीलरांकडे पाठवल्या, हा आजवरचा उच्चांक. पुढच्या दोनच वर्षांत आकडा सुमारे ३ लाख १३ हजारांवर उतरला. एवढी भरती आणि एवढी ओहोटी सोसणाऱ्या धंद्यात माणसेही तशीच येतात आणि जातात. तेजीत गिऱ्हाईक रांगेत उभे असताना नव्या सेल्समनला शिकवायला कोणाला सवड नसते, आणि मंदीत ज्याला शिकवायचे तोच नोकरी सोडून गेलेला असतो.

नेहमीच असे नव्हते. एअरस्ट्रीमचे चंदेरी, गोलाकार ट्रेलर बनवणारा वॉली बायम हा स्वतः फिरणारा माणूस होता. १९५०च्या दशकात त्याने आपल्या गिऱ्हाइकांचे तांडे काढले आणि १९५९-६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनपासून कैरोपर्यंत ट्रेलरांचा तांडा नेला. त्यात जाहिरात होतीच. पण ट्रेलर कुठे तुटतो, पाणी कुठे पुरत नाही, जोडणी कुठे निसटते हे बायमला प्रवासातून कळत होते, आणि त्याच्याकडून घेणाऱ्यालाही ते कळत होते. आज आरव्ही बनवणारा इंडियानात असतो, विकणारा फ्लोरिडात किंवा ॲरिझोनात, आणि या दोघांपैकी कोणी त्या विशिष्ट मॉडेलमध्ये एक रात्र काढली असेल याची खात्री देता येत नाही.

आता सेल्समनला काय ठाऊक असायला हवे ते पाहू. यादी लांबलचक करता येईल, पण जिवाशी आणि खिशाशी थेट गाठ असलेली गोष्ट एकच आहे: वजन.

डीलरच्या आवारात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘माझा ट्रक हा ट्रेलर ओढेल का?’ आणि हमखास मिळणारे उत्तर म्हणजे, ‘आरामात.’ हे उत्तर बहुतेक वेळा ट्रकच्या माहितीपत्रकातल्या ओढण्याच्या क्षमतेवरून दिलेले असते. समजा, ती १०,००० पौंड आहे, म्हणजे साधारण ४,५०० किलो. ट्रेलरचे कमाल वजन आहे ७,५०० पौंड. अडीच हजार पौंडांची मोकळीक दिसते, म्हणून सेल्समनही खूश आणि गिऱ्हाईकही. पण ट्रकच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक छोटे लेबल असते. या ट्रकमध्ये माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर छापलेले असते. समजा तिथे १,५०० पौंड लिहिले आहे. घरातली चार माणसे मिळून ६०० पौंड. ट्रेलरचे ओझे पुढच्या चाकांकडेही वाटून देणारा भक्कम हिच लावला तर त्याचे १०० पौंड. उरले ८००. आता ट्रॅव्हल ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकवर पडतो. १३ टक्के धरले तर ७,५०० पौंडांच्या ट्रेलरचे ९७५ पौंड झाले. म्हणजे एकही बॅग, एकही खुर्ची, घरचा कुत्रा ट्रकमध्ये चढण्याआधीच तो १७५ पौंडांनी, सुमारे ८० किलोंनी, जास्त लादला गेला आहे. ओढण्याची क्षमता मात्र अजून अडीच हजार पौंडांनी शिल्लक दिसते आहे.

या हिशोबाला एक बेरीज, एक वजाबाकी आणि एक टक्केवारी एवढेच गणित लागते. तरीही तो न करता हजारो व्यवहार होतात. परिणाम रस्त्यावर दिसतात. ट्रकचे मागचे टोक दबते, पुढची चाके हलकी होतात, सुकाणू आणि ब्रेक नीट ताब्यात राहत नाहीत. ट्रकवरचा भार कमी करण्यासाठी कोणी ट्रेलरमधले सामान मागच्या बाजूला ढकलले तर उलटा धोका होतो. हिचवरचा भार प्रमाणापेक्षा कमी झाला की ट्रेलर डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागतो, आणि महामार्गाच्या वेगात ते हेलकावे वाढत गेले की ट्रेलर आपल्याबरोबर ट्रकलाही उलटवू शकतो.

दुसरी चूक ‘कोरड्या’ वजनाची. माहितीपत्रकात ट्रेलरचे रिकामे वजन असते, आणि हिचवरचा भारही त्या रिकाम्या अवस्थेतला. पण रिकामा ट्रेलर कोणी प्रवासाला नेत नाही. अमेरिकेच्या वाहनसुरक्षा खात्याने २००८ पासून आरव्हींवर सामानाची मर्यादा सांगणारे लेबल सक्तीचे केले, आणि टाकी पूर्ण भरल्यावर पाण्याचे वजन किती होईल हेही ट्रेलरवरच्या लेबलावर लिहायला लावले. पाण्याच्या एका अमेरिकी गॅलनचे वजन ८.३ पौंड. पन्नास गॅलनची टाकी भरली की ४१५ पौंड, म्हणजे १८८ किलो झाले. ट्रेलरची सामानमर्यादा १,२०० पौंड असेल तर तिचा एक तृतीयांशाहून जास्त भाग पाण्यानेच खाल्ला. भांडी, कपडे, डबे, सायकली यांचे वजन त्यापुढे. हे लेबल प्रत्येक ट्रेलरवर चिकटवलेले आहे. ते गिऱ्हाइकाला वाचून दाखवणारा सेल्समन सापडला तर तो चांगला समजावा, ही माझी साधी कसोटी आहे.

वजनाच्या खालोखाल गोंधळ विजेचा. लहान आरव्हीला ३० अँपिअरची जोडणी असते. १२० व्होल्टला ती ३,६०० वॉट देते. मोठ्या आरव्हीची ५० अँपिअरची जोडणी दोन तारांतून येते आणि १२,००० वॉट देते. नाव ऐकून वाटेल की पन्नास म्हणजे तिसाच्या जेमतेम पावणेदोन पट. प्रत्यक्षात ती तिपटीहून जास्त आहे, आणि हे न सांगितल्यामुळे तीस अँपिअरवर एसी, मायक्रोवेव्ह आणि केस वाळवायचे यंत्र एकदम चालवून लोक पहिल्याच रात्री अंधारात बसतात. बॅटरीची गत तीच. शंभर अँपिअर-तासांच्या जुन्या धाटणीच्या शिसे-आम्ल बॅटरीत साधारण १,२०० वॉट-तास असतात, आणि बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे. दीड हजार वॉट खाणारा एसी त्यावर अर्धा तासही चालणार नाही. छपरावर दोनशे वॉटचे सौर पॅनेल आहे, त्यामुळे जंगलात कुठेही मुक्काम करा असे सांगितले जाते. दिवे, पंखा, पाण्याचा पंप यांच्यापुरते ते खरे आहे. एसीच्या बाबतीत ते खोटे आहे. सेल्समनला बहुतेक वेळा फसवायचे नसते. त्याला स्वतःलाच तो फरक ठाऊक नसतो.

‘फोर सीझन’, म्हणजे चारही ऋतूंत चालणारी, या शब्दांनी तर मिनेसोटा आणि मॉन्टाना या गारठ्याच्या राज्यांत फार लोकांना गंडवले आहे. किती उणे तापमानात टाक्या आणि नळ गोठणार नाहीत, हे ठरवणारी कोणतीही सर्वमान्य व्याख्या या दोन शब्दांमागे नाही. प्रत्येक कारखाना आपल्या सोयीने ते वापरतो. वॉरंटीचेही असेच. साधारण एक वर्षाची वॉरंटी असते, आणि पुष्कळ कंपन्यांच्या वॉरंटीत आरव्हीत कायमचे राहणाऱ्याला संरक्षण नाही असे स्पष्ट लिहिलेले असते. निवृत्तीनंतर घर विकून आरव्हीत राहायला निघालेल्या जोडप्याला हे खरेदीच्या वेळी सांगितले नाही तर त्यांचे सगळे आयुष्य त्या एका ओळीवर अडकते. छपराच्या सांध्यांवरचा चिकट थर दर काही महिन्यांनी तपासला नाही तर पाणी झिरपल्याची भरपाई नाकारली जाते, हेही सांगावे लागते. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांहून जड ट्रॅव्हल ट्रेलर ओढायला किंवा ४० फुटांहून लांब मोटरहोम चालवायला वेगळ्या वर्गाचा परवाना लागतो. ते विक्रीनंतर पोलिसाकडून कळणे बरे नाही.

हे सगळे सेल्समन शिकतो कुठे? बहुतेक ठिकाणी कामावर, जुन्या सेल्समनच्या मागे फिरून. पहिले काही दिवस प्रशिक्षण असते. पण त्या प्रशिक्षणाचा मोठा भाग मोटारविक्रीच्या धंद्यातून आलेल्या ‘रोड टू द सेल’चा असतो. गिऱ्हाइकाचे स्वागत कसे करायचे, त्याची ऐपत कशी काढून घ्यायची, आरव्हीभोवती फिरवून कशी दाखवायची, नको म्हणाला तर मॅनेजरकडे कसे सोपवायचे, महिन्याच्या हप्त्यावर बोलणे कसे आणायचे, हे पायरीपायरीने शिकवले जाते. याचीही गरज आहे, विकता आले नाही तर दुकान चालणार नाही. पण विकण्याची पायरी आणि वस्तू समजण्याची पायरी या दोन वेगळ्या आहेत, आणि दुसरी पुष्कळदा कारखान्याच्या प्रतिनिधीवर सोडलेली असते. तो अधूनमधून सकाळी येतो, नव्या मॉडेलभोवती फेरी मारतो, शेजारच्या ब्रँडपेक्षा आपल्या कपाटांचे लाकूड आणि खिडक्यांच्या काचा कशा सरस ते सांगतो. एल्कहार्टमध्ये दर सप्टेंबरला डीलरांसाठी मोठे प्रदर्शन भरते, तिथेही मॉडेले पाहायला मिळतात. आपले मॉडेल अमुक ट्रकला लावू नका, असे सांगण्यात त्या प्रतिनिधीचा फायदा नसतो.

सेल्समनची बाजूही नीट ऐकायला हवी, कारण त्याला अज्ञानी म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. मोठ्या डीलरच्या आवारात अनेक ब्रँड आणि त्यांचे कित्येक आराखडे उभे असतात. कारखाना वर्षाच्या मध्येही भाग बदलतो. आतली भट्टी एका कंपनीची, फ्रिज दुसरीचा, जॅक आणि सरकणाऱ्या खोल्यांची यंत्रणा तिसरीची, आणि प्रत्येकाची वॉरंटी वेगळी. हे सगळे तोंडपाठ ठेवणे कोणालाही शक्य नाही. शिवाय त्याचा पगार मुख्यतः नफ्यावरच्या कमिशनवर असतो. एखाद्या शनिवारी त्याने दोन तास खर्चून कुटुंबाला समजावले की हा ट्रेलर तुमच्या ट्रकला झेपणार नाही, तर त्याला काहीच मिळत नाही. तेच कुटुंब पुढच्या डीलरकडे जाते, तिथे ‘आरामात’ ऐकते आणि सही करते. प्रामाणिकपणाचा खर्च एकट्या सेल्समनच्या खिशातून जातो. म्हणून मी या प्रश्नाचे मूळ माणसात न पाहता व्यवस्थेत पाहतो. मोठमोठी डिझेल मोटरहोम विकणाऱ्यांत वीस-वीस वर्षे टिकलेले, खोल माहिती असलेले लोक भेटतात, कारण त्यांचे गिऱ्हाईक दुसऱ्या-तिसऱ्यांदा आलेले, नेमके प्रश्न विचारणारे असते. नवख्या गिऱ्हाइकाला मात्र पुष्कळदा नवखाच सेल्समन भेटतो, आणि खरी हानी तिथे होते.

दुरुस्तीच्या बाजूला या धंद्याने काय केले हे पाहिले की विक्रीच्या बाजूची उपेक्षा आणखी ठसठशीत दिसते. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांची टंचाई झाली, आरव्ही आठवडेच्या आठवडे वर्कशॉपमध्ये अडकू लागल्या, आणि उत्पादकांच्या संघटनेने एल्कहार्टमध्ये आरव्ही टेक्निकल इन्स्टिट्यूट उभारली. २०१९ मध्ये ती सुरू झाली. तिथे कारागिरांना पातळ्यापातळ्यांनी शिकवून प्रमाणपत्र देतात. डीलरांच्या संघटनेची शिक्षणशाखाही वर्षानुवर्षे काम करते आहे. सुटे भाग सांभाळणारा, दुरुस्तीचा अर्ज लिहून घेणारा, वॉरंटीची कागदपत्रे पाहणारा, यांच्यासाठी तिथे प्रमाणपत्रे आहेत, आणि सेल्समनसाठीही पाठ आहेत. पण सेल्समनला ते घेतलेच पाहिजेत अशी सक्ती नाही. बांधणीची बाजूही रिकामी नाही. गॅस, पाणी, आग यांच्यासाठी एनएफपीए ११९२ हे मानक आहे आणि उत्पादकांच्या संघटनेचा शिक्का असलेली आरव्ही त्यावर उतरावी लागते. म्हणजे बांधणाऱ्याला मानक आहे, दुरुस्ती करणाऱ्याला शाळा आहे, आणि मधल्या माणसाला सक्तीचे काही नाही. कारण माझ्या मते सरळ आहे. दुरुस्ती खोळंबली की वॉरंटीचा खर्च कारखान्यावर येतो आणि डीलरचे अंगण भरून जाते. चुकीचा ट्रेलर विकला गेला तर नुकसान गिऱ्हाइकाचे होते, आणि ते कोणाच्याच हिशोबवहीत चढत नाही.

कायदा इथे मदतीला येईल असे वाटते, आणि काही अंशी तो येतोही. अमेरिकेच्या जवळजवळ सगळ्या राज्यांनी स्वीकारलेल्या समान व्यापारी संहितेत कलम २-३१५ आहे. गिऱ्हाइकाला वस्तू कोणत्या विशिष्ट कामासाठी हवी हे विक्रेत्याला ठाऊक असेल, आणि गिऱ्हाईक विक्रेत्याच्या ज्ञानावर विसंबले असेल, तर वस्तू त्या कामाला योग्य आहे अशी गर्भित हमी मानली जाते. आरव्हीच्या विक्रीला याहून चपखल कलम कुठले असणार? पण तीच संहिता विक्रेत्याला ती हमी लेखी नाकारायची सोय देते, आणि करारात तोंडी बोलणे धरले जाणार नाही असे कलम सर्रास असते. सेल्समनने ‘आरामात’ म्हटल्याचे सिद्ध करणे मग अवघड जाते. सदोष वाहन परत घ्यायला लावणारे ‘लेमन लॉ’ अनेक राज्यांत ओढायच्या ट्रेलरना लागूच होत नाहीत, आणि मोटरहोमच्या बाबतीत राहण्याचा भाग त्यातून वगळलेला असतो. वस्तू ठीक आहे पण या माणसाच्या ट्रकला ती योग्य नाही, अशा तक्रारीला तर त्यात जागाच नाही.

ऑस्ट्रेलियात हा प्रश्न सरकारी यंत्रणेने थेट हातात घेतला. तिथले स्पर्धा आणि ग्राहक आयोग, एसीसीसी, यांनी २०२२ मध्ये नव्या कॅरव्हॅनच्या विक्रीवर अहवाल काढला. त्यांच्या सर्वेक्षणात उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांनी आपल्या कॅरव्हॅनमध्ये दोष निघाल्याचे सांगितले. ज्यांना त्रास झाला तेच अशा सर्वेक्षणाला जास्त उत्साहाने उत्तर देतात, हे लक्षात ठेवूनही आकडा मोठा आहे. त्याहून मोलाचे हे की आयोगाने दोषांबरोबर विक्रेत्यांच्या बोलण्याकडेही पाहिले. कॅरव्हॅनचे वजन किती, कोणती गाडी ती ओढेल, खडबडीत रस्त्यावर ती टिकेल का, याबद्दल चुकीचे सांगणे हे ग्राहककायद्याचे उल्लंघन ठरू शकते, याची जाणीव विक्रेत्यांना करून दिली. अमेरिकेत असा देशव्यापी आढावा मला दिसत नाही.

मग ज्ञान आहे कुठे? ते आरव्ही वापरणाऱ्यांकडे आहे. जो आणि के पीटरसन या जोडप्याने १९७८ मध्ये एस्केपीज हा क्लब सुरू केला. टेक्ससमधल्या लिव्हिंगस्टनला त्याचे ठाणे आहे. सदस्यांच्या आरव्ही एकेका चाकाखाली तराजू ठेवून तोलायची सोय हा क्लब करतो, आणि नवख्यांसाठी वर्ग घेतो. स्वतंत्र आरव्ही तपासनिसांची संघटनाही आहे, घर घेताना तपासनीस बोलवावा तसा इथे तो पैसे देऊन बोलावता येतो. आज बहुतेक खरेदीदार दुकानात पाऊल टाकण्याआधी तासन्‌तास व्हिडिओ पाहून आलेले असतात, आणि त्यातले कित्येक सेल्समनपेक्षा जास्त जाणतात. काहीजण म्हणतात, मग सेल्समनला शिकवायची गरज काय? मला हे पटत नाही. नवख्याला उत्तरे शोधता येतात, पण कोणता प्रश्न विचारायचा हेच त्याला ठाऊक नसते. दाराच्या चौकटीवरचे लेबल पाहायचे असते हे ज्याला माहीत नाही, तो ते शोधणार कसा?

उपाय फार मोठे नाहीत. चार विषय घ्यावेत: वजन, वीज, पाणी आणि थंडी, वॉरंटी. त्यांवर दोन दिवसांचे शिक्षण आणि लेखी परीक्षा, आणि ती पास झाल्याशिवाय सेल्समनला एकट्याने व्यवहार करू देऊ नये. सगळ्या मॉडेलांची माहिती पाठ करायला लावण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचे, कारण ही चार तत्त्वे मॉडेल बदलले तरी बदलत नाहीत. ओढायची आरव्ही विकताना ट्रकच्या लेबलावरचे आकडे आणि हिचवरचा भार यांचा हिशोब एका कागदावर मांडून त्यावर डीलर आणि गिऱ्हाईक दोघांनी सही करावी. माहिती देणारा आणि कमिशन घेणारा माणूस वेगळा ठेवण्याचाही एक मार्ग आहे, बीएमडब्ल्यूने आपल्या शोरूममध्ये कमिशनशिवाय फक्त समजावून सांगणारी माणसे नेमून तो चालवून दाखवला. काही आरव्ही डीलर आपल्या आवारातच पहिली रात्र मुक्काम करायला देतात, म्हणजे काही अडले तर सकाळी कारागीर हाताशी असतो. फ्लोरिडासारख्या राज्यात मोठ्या डीलरांना हे सहज जमते. मला ही प्रथा फार आवडते, कारण एका रात्रीत माणूस जे शिकतो ते तासाभराच्या फेरीत शिकत नाही. दमलेल्या, कर्जाच्या कागदांवर सह्या करून आलेल्या कुटुंबाला गॅस, टाक्या आणि जॅक एका दुपारी शिकवून घरी पाठवण्याची सध्याची पद्धत तर बंदच झाली पाहिजे.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्याकडे ट्रेलर ओढणारे ट्रक घरोघरी नाहीत, त्यामुळे वजनाचा प्रश्न वेगळ्या रूपात येईल: मूळ मोटारीवर बांधलेली वाढीव बांधणी, छपरावरचे सामान, घाटात तापणारे ब्रेक. कोकणातल्या पावसाळ्यात छपराचे सांधे आणि दमट हवेतली वायरिंग ही तर इथलीच डोकेदुखी. ही वाहने विकणाऱ्याला आणि भाड्याने देणाऱ्याला आज शिकवले तर वीस वर्षांनी अमेरिकेसारखी पंचाईत होणार नाही. धोरणात जागा, कर, सवलती यांचा विचार होतो, तसा गाडीच्या किल्ल्या हाती देणाऱ्याच्या शिक्षणाचाही व्हावा.

अमेरिकेत राहणारी पुष्कळ मराठी कुटुंबे राष्ट्रीय उद्याने पाहायला आधी आरव्ही भाड्याने घेतात आणि मग कधीतरी विकत घ्यायच्या विचारात येतात. त्यांना माझे सांगणे असे. दुकानात जाण्याआधी आपल्या ट्रकच्या चालकाच्या दाराजवळच्या लेबलाचा फोटो काढा. घरातल्या माणसांची वजने मांडा. ट्रेलर आवडला तर त्याच्या रिकाम्या वजनाकडे न पाहता कमाल वजनाच्या १३ टक्के काढा आणि वर दाखवला तसा हिशोब स्वतः करा. सेल्समन काही ठामपणे सांगत असेल तर ते सहीनिशी लिहून मागा. तो लिहून देत नसेल तर ते धरून चालू नका. आणि खरेदीनंतर पहिल्या प्रवासाला, सगळे सामान आणि पाणी भरून, महामार्गावरच्या ट्रक थांब्याजवळच्या वजनकाट्यावर गाडी एकदा उभी करा. थोड्या डॉलरांत प्रत्येक आसावरचे वजन छापून हातात मिळते.